समुद्रात उगवलेलं टीझल

गेल्या पावसाळ्यात एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडूनच माझ्या टेबलाशी आली. प्रोजेक्टसाठी तिने 'रानटी टीझल' या युरोपातल्या वनस्पतीच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांतल्या, नोंदी उतरवून घेतल्या होत्या आणि त्या नकाशावर मांडल्या होत्या. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीवर ठिपक्यांची गर्दी होती, अमेरिकेतही बरेच होते. एक ठिपका मात्र आफ्रिकेच्या कुशीत, घानाच्या खाली, भर समुद्रात पडला होता.

"सर, हे इथं कसं काय उगवलं?"

नोंद करणाऱ्याने अक्षांश-रेखांशाचे रकाने भरलेच नव्हते. संगणकाने रिकाम्या रकान्याचा अर्थ शून्य असा घेतला, आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा गिनीच्या आखातात, पाण्यात येते. जगभरच्या अनेक अर्धवट नोंदी त्याच जागी जाऊन पडलेल्या असतात. ती ठिपका पुसायला निघाली होती. मी म्हटलं, पुसू नको, त्याच्यामागचं शीट शोध. शीटचा फोटो सापडला. लेबलावर गावाचं नाव शाईने स्वच्छ लिहिलेलं होतं. पाच मिनिटांत टीझल समुद्रातून जमिनीवर आलं.

त्या पाच मिनिटांत जे घडलं तेच या लेखात नीट उलगडून सांगायचं आहे. नकाशावरच्या ठिपक्यामागे एक कागद असतो, कागदावर वाळलेली वनस्पती असते आणि तिच्याशेजारी चार ओळींचं लेबल. ठिपका चुकला तर लेबलावरून दुरुस्त होतो, नाव चुकलं तर वनस्पतीवरून दुरुस्त होतं. लेबलच अर्धवट असेल, तर मात्र कुणालाच काही करता येत नाही.

आधी टीझलची ओळख करून घेऊ. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात किंवा पन्हाळ्याच्या उतारावर हे झाड दिसत नाही. ज्यांनी माळावर उंटकटारी पाहिली आहे त्यांना अंदाज येईल: काटेरी, ताठ, शेंड्यावर काट्यांचं बोंड. टीझलचं बोंड गोल नसून अंड्यासारखं लांबट असतं. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा गुच्छ असतो, दुसऱ्या वर्षी मधून दांडा वर येतो, माणसाच्या उंचीचा किंवा त्याहूनही उंच. फुलं येतात, बिया पडतात आणि झाड मरतं. फुलण्याची रीत मात्र पाहण्यासारखी. बोंडाच्या मध्यावर आधी जांभळ्या फुलांचा एक पट्टा उघडतो. मग त्याचे दोन होतात, एक वर सरकतो, दुसरा खाली.

दांड्यावर पानं समोरासमोर येतात आणि त्यांचे देठाकडचे भाग एकमेकांना जुळून वाटी तयार होते. तीत पावसाचं पाणी साठतं, किडे बुडतात. 'डिप्सॅकस' हे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतल्या 'तहान' या शब्दावरून आलंय, ते या वाटीमुळेच. वाटीतल्या किड्यांचा झाडाला काही उपयोग होतो का, हा प्रश्न जुना आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७७ मध्ये या वाटीतल्या ग्रंथींच्या केसांतून बाहेर येणाऱ्या सूक्ष्म तंतूंवर निबंध लिहिला होता. त्यावरचा वाद पुढे बराच चालला. मला या वाटीबद्दल वेगळ्या कारणाने बोलायचंय, ते पुढे येईल.

टीझलचं एक भावंड लागवडीचं आहे. त्याच्या बोंडावरचे काटे कडक आणि टोकाशी आकड्यासारखे मागे वळलेले असतात. युरोपात शेकडो वर्षं ही वाळलेली बोंडं चौकटीत बसवून लोकरीच्या कापडावरून फिरवली जायची, म्हणजे कापडाची लव वर उठायची आणि ते मऊ व्हायचं. आपल्या धनगरी घोंगडीला असं काही करत नाहीत. तिला चिंचोक्याची खळ देतात, ती ताठ आणि खरखरीतच बरी. इचलकरंजीच्या कापडधंद्यातल्या माणसाला मात्र लव उठवणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे तेच काम पोलादी तारांच्या रुळांकडे गेलं. रानटी टीझलचे काटे सरळ आणि लवचीक असतात, कापडासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. सरळ काटा आणि वळलेला काटा, एवढा एक फरक लक्षात ठेवा.

आता हर्बेरियम. वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेल्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. ही रीत सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी या शिक्षकाने रुळवली असं मानतात. तेव्हा वाळवलेल्या वनस्पती वहीत बांधून ठेवत. वहीत एकदा बसलेलं पान हलवता येत नाही, नवी वनस्पती मिळाली की तिला जवळच्या नातेवाइकाशेजारी जागा नसते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने सुटे कागद वापरले आणि कपाटात रचले. आजही जगभर हीच पद्धत आहे. आपल्याकडे शीट साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरचं असतं. जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून जवळपास ४० कोटी नमुने. प्रत्येक संग्रहाला एक संकेताक्षर असतं. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं 'एसयूके', मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमचं 'बीएलएटी', लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं नुसतं 'के'.

दोन मीटर उंचीचं काटेरी झाड ४२ सेंटिमीटरच्या कागदावर बसवायचं कसं, हे एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय नोंदींचं मोल कळत नाही. टीझल मी कधी दाबलेलं नाही, उंटकटारी मात्र दाबली आहे, आणि अडचण तीच. जाड बोंड प्रेसमध्ये, म्हणजे वनस्पती दाबायच्या चौकटीत, सपाट होत नाही. ते शीटच्या मध्ये उभं राहतं, त्यामुळे आजूबाजूच्या पानांवर दाब पडत नाही आणि ती सुरकुततात. मग बोंड उभं चिरून अर्धं ठेवावं लागतं. उंच दांडा दुमडून इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखा करायचा, नाहीतर शेंडा, मधलं पान आणि बुडखा असे तीनच तुकडे घ्यायचे. बाकीचं झाड रानातच राहतं. आपल्या पावसाळ्यात तर रद्दीचे कागद पहिले काही दिवस रोज बदलावे लागतात. एक दिवस चुकवला की बुरशी. वाळलं की फेविकॉलने चिकटवायचं, जाड भाग दोऱ्याने टाचून घ्यायचे, गळलेल्या बियांसाठी कोपऱ्यात कागदाची छोटी पुडी चिकटवायची. जुन्या शीटना किडीपासून वाचवायला पाऱ्याचं विषारी संयुग लावलेलं असे, म्हणून जुनं शीट हाताळलं की हात धुवायचेच.

आता त्या वाटीकडे येऊ. प्रेसमध्ये गेल्यावर वाटी उरत नाही. पाणी सांडतं, पानं सपाट होतात आणि शीटवर दांड्याला बिलगलेली एक पुसट रेघ दिसते. जांभळा रंगही काही वर्षांत तपकिरी होतो. झाडाची उंची शीटवरून कळत नाही. ते ओढ्याकाठी उभं होतं की रस्त्याच्या कडेला, हेही कळत नाही. जे प्रेसमध्ये मरतं ते सगळं लेबलावर शब्दांत लिहावं लागतं: उंची, फुलाचा रंग, वास, जमीन, आजूबाजूला काय होतं. टीझलचंच आणखी एक भावंड आहे, त्याची पानं कातरलेली असतात आणि फुलं बहुधा पांढरी. वाळल्यावर पांढरं आणि फिकट जांभळं सारखंच तपकिरी दिसतं. शीटवर नेमकी कातरलेली पानं घेतलेली नसतील आणि लेबलावर 'फुले पांढरी' हे दोन शब्द नसतील, तर नंतर येणाऱ्याने ओळखायचं कशावरून?

लेबल म्हणजे काय हे गावाकडच्या मुलांना सांगताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. गट नंबर कोणता, कुणाच्या नावे, कुठल्या गावात, कुठल्या साली. हर्बेरियमच्या लेबलावर वनस्पतीचं नाव आणि कूळ, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. हा क्रमांक फार महत्त्वाचा. संग्राहक आयुष्यभर एकाच मालिकेत क्रमांक देत जातो आणि तोच त्याच्या फील्ड बुकात, म्हणजे रानात जवळ ठेवलेल्या वहीत, लिहिलेला असतो. लेबल फाटलं तरी क्रमांक वाचता आला तर फील्ड बुकातून बाकीची माहिती मिळवता येते.

सातबाऱ्याचं उदाहरण खरं उपयोगी पडतं ते फेरफारापाशी. जमिनीचं नाव बदललं की फेरफाराची नोंद होते, पण जुनी नोंद कुणी खोडून टाकत नाही, साखळी दिसावी लागते. शीटवरही तसंच. एखाद्या तज्ज्ञाने पन्नास वर्षांनी शीट पाहून नाव बदललं, तर तो मूळ लेबलाला हात लावत नाही. छोटी चिठ्ठी चिकटवतो: नवं नाव, स्वतःचं नाव, साल. काही शीटवर अशा चार-चार चिठ्ठ्या असतात. वरवर बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. मला तो विद्येचा सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो, कारण कुणाचं काय मत होतं आणि ते कधी बदललं, सगळं डोळ्यांसमोर असतं.

टीझलच्या बाबतीत हे फेरफार समजून घेतल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. लिनियसने १७५३ मध्ये 'डिप्सॅकस फुलोनम' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'फुलो' म्हणजे लोकरीचं कापड धुऊन-खुंदून तयार करणारा कारागीर. साहजिकच अनेकांनी हे नाव कापडवाल्यांच्या, म्हणजे लागवडीच्या टीझलसाठी वापरलं. इंग्लंडच्या विल्यम हडसनने १७६२ मध्ये 'सिल्वेस्ट्रिस', म्हणजे रानातलं, हे नाव दिलं आणि अनेक पुस्तकांत रानटी टीझल याच नावाने राहिलं. आज स्थिती उलटी आहे: 'फुलोनम' हे रानटी टीझलचं अधिकृत नाव आणि लागवडीचं ते 'सॅटायव्हस'. नावाच्या अर्थाने जे कारागिराचं, ते कारागिराच्या उपयोगाचं नसलेल्या झाडाला चिकटलं.

असं होतं, कारण वनस्पतींची नावं अर्थावर ठरत नाहीत. प्रत्येक नावाला एक नमुना बांधलेला असतो, त्याला 'टाइप' म्हणतात. ते शीट किंवा चित्र ज्या जातीचं, त्या जातीचं ते नाव. अर्थ काहीही निघो.

म्हणून जुन्या शीटवर नुसतं 'फुलोनम' दिसलं की थांबायचं. लिहिणाऱ्याच्या मनात रानटी होतं की लागवडीचं? इथे शीटवरची वनस्पतीच साक्ष देते. भिंग घ्यायचं आणि बोंडावरचा एक काटा पाहायचा. टोक सरळ, तर रानटी. मागे वळलेलं, कडक, तर लागवडीचं. बोंडाच्या बुडाशी असलेली लांब, अरुंद पानं वरच्या दिशेने कमान करून गेली असतील तर रानटी, आडवी पसरली असतील तर लागवडीचं. दीडशे वर्षांपूर्वीचा घोळ एका काट्याच्या टोकावर मिटतो. माझ्या विद्यार्थिनीने ज्या शीटचे फोटो स्पष्ट होते ती एकेक मोठी करून पाहिली. फोटो नसलेल्या नोंदी वेगळ्या ठेवल्या, कारण तिथे नावावर विश्वास ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

कूळसुद्धा बदललं आहे. जुन्या लेबलांवर 'डिप्सॅकेसी' असतं. डीएनएवर आधारलेल्या २००९ च्या वर्गीकरणात ते कूळ 'कॅप्रिफोलिएसी'मध्ये विलीन झालं. त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

नाव असं दुरुस्त करता येतं. ठिकाणाचं तसं नाही, आणि माझा सगळा जीव या मुद्द्यात अडकलेला आहे.

समजा शंभर वर्षांपूर्वीच्या लेबलावर फक्त 'कोल्हापूर' असं लिहिलंय. हे कुठलं कोल्हापूर? शहर? जिल्हा? की संस्थान? कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि संस्थानाच्या आणि आजच्या जिल्ह्याच्या हद्दी एक नाहीत. संगणकात नोंद चढवणारा माणूस बिचारा शहराचा मध्य धरतो आणि दाजीपूरच्या दाट रानात वाढणारी वनस्पती नकाशावर बिंदू चौकाच्या आसपास येऊन बसते. आंबोलीचंही तेच. जुन्या लेबलावर सावंतवाडी संस्थान, नंतरच्या लेबलावर रत्नागिरी जिल्हा, १९८१ नंतर सिंधुदुर्ग. डोंगर एकच, जिल्हा प्रत्येक वेळी वेगळा. त्यात इंग्रजांच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं स्पेलिंग. इंग्लंड-अमेरिकेतल्या टीझलच्या नोंदींतही असेच घोळ असतात: एकाच नावाची गावं, बदललेल्या हद्दी, आणि कधीकधी गोळा केल्याच्या जागेऐवजी हर्बेरियमच्याच इमारतीचे अक्षांश-रेखांश.

माझी स्वतःची चूक सांगतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सबमिशनसाठी मी तीसेक शीट केली होती. त्यांतल्या कित्येकांवर ठिकाण म्हणून 'पन्हाळा' एवढंच लिहिलं. तेव्हा मला आठवत होतं ना, तीन दरवाजाच्या खालच्या वाटेवर, मोठ्या दगडाशी. बारा-पंधरा वर्षांनी त्यांतली एक वनस्पती पुन्हा शोधायला गेलो. दगड आठवत नव्हता, वाट आठवत नव्हती, आणि शीटवर 'पन्हाळा' ही तीनच अक्षरं होती. दोन पावसाळे फिरलो, ती मला सापडली नाही. ती तिथून गेली आहे की मीच चुकीच्या जागी शोधत होतो, हे मला आजही सांगता येत नाही. ही खंत जात नाही.

तारखेचंही बघा. ५/८ म्हणजे आपल्याकडे पाच ऑगस्ट, अमेरिकेत आठ मे. म्हणून महिना रोमन अंकांत किंवा अक्षरी लिहायची रीत आहे. टीझलसारख्या युरोपातल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, फुलणाऱ्या झाडाच्या बाबतीत ही गल्लत झाली, तर कुणीतरी 'टीझल आता मे महिन्यात फुलू लागलं' असा निष्कर्ष काढायचा.

नोंदी मोजताना आणखी एक फसगत होते. संग्राहक एकाच झाडाच्या किंवा एकाच जागच्या झाडांच्या चार-पाच फांद्या दाबतो आणि एकेक प्रत वेगवेगळ्या हर्बेरियमला पाठवतो. हे चांगलंच असतं: एका इमारतीला आग लागली तरी नमुना दुसरीकडे वाचतो. संगणकात मात्र त्या पाच नोंदी दिसतात. एका लग्नाचा फोटो पाच घरांत लागला म्हणून पाच लग्नं झाली असं नाही. संग्राहकाचं नाव, क्रमांक आणि तारीख जुळली की ती एकच धरायची. बागेत मुद्दाम लावलेल्या टीझलचीही शीट असतात. लेबलावर 'बागेतून' असं लिहिलेलं असतं, पण रकाना भरताना ते सुटलं तर बाग म्हणजे रान होऊन बसते.

आणि माणसाच्या सवयी. आपण फुललेलं झाड घेतो, कारण ओळखायला फूल लागतं. त्यामुळे टीझलच्या पहिल्या वर्षीच्या पानांच्या गुच्छाची शीट कमी सापडतात, जरी त्याचं अर्धं आयुष्य त्या रूपातच जातं. आपण रस्त्यालगत, सुट्टीच्या दिवशी, कॉलेजच्या जवळपास गोळा करतो. ज्या रानात कुणी गेलंच नाही तिथे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे झाड नाही, असं म्हणता येत नाही.

एवढ्या अडचणी असूनही हे कागद काय काय सांगतात! टीझल युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत पोचलं आणि आता काही राज्यांत ते उपद्रवी तण म्हणून जाहीर आहे. एका झाडाला दोन हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. कुठल्या भागात ते पहिल्यांदा कधी दिसलं, रस्त्यांच्या कडेने कसं सरकत गेलं, हे शीटच्या तारखा लावून पाहता येतं. तेव्हा ज्याने ते दाबलं त्याला हे पुढे तण होणार याची कल्पना नसणार. १९८७ मध्ये वूडवर्ड या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांतली हर्बेरियममधली झाडांची पानं तपासली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानांवरची रंध्रं विरळ होत गेली, हे दाखवलं. ती पानं ज्यांनी वाळवली, त्यांच्या काळी हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता.

आपल्या देशातही टीझलची भावंडं आहेत. निलगिरीच्या थंड माथ्यावर 'डिप्सॅकस लेशेनॉल्टाय' वाढतं, फ्रेंच संग्राहक लेशेनॉ याच्या नावाचं. हिमालयात 'डिप्सॅकस इनर्मिस' आहे. काश्मिरात त्याला वोपल हाक म्हणतात आणि त्याची भाजी करतात. टीझलच्या नोंदी वाचायला शिकलेली मुलगी उद्या या दोघांच्या नोंदीही वाचू शकेल, आणि सह्याद्रीतल्या आपल्या झाडांच्याही.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही मसाई पठारावर गेलो. कातळावर पाण्याचा पातळ थर होता आणि त्यात सीतेची आसवं फुलली होती, गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसत नाहीत अशी. तिने चार रोपं घेतली, जास्त नाही. जागेवरच ओल्या बोटांनी फील्ड बुक काढलं आणि पेन्सिलने लिहिलं, कारण शाई पावसात उतरते: 'मसाई पठार, पन्हाळा'. थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. खालच्या ओळीत पुढचं लिहू लागली: 'पठाराच्या पश्चिम अंगाला, लेण्यांकडे उतरणाऱ्या वाटेच्या डाव्या हाताला, उथळ पाणी साचलेल्या कातळावर, गेंदाच्या पांढऱ्या फुलांमध्ये. रोप वीतभर. फुले जांभळट निळी.' मग मोबाइलवरून अक्षांश-रेखांश उतरवले, ऑगस्ट हा शब्द अक्षरी लिहिला आणि क्रमांकाच्या जागी आपल्या आयुष्यातला पहिला आकडा टाकला.